एका शब्दाचे अरबी भाषांतर

बांधावरून दोन भावांत बोलाचाली झाली, तर तिला आपण युद्ध म्हणत नाही; तंटा म्हणतो. सरहद्दीवर तोफा सुटल्या, की त्याला तंटा म्हणून भागत नाही. इंग्रजीत मात्र घरातल्या मतभेदापासून देशादेशांतल्या रणापर्यंत 'कॉन्फ्लिक्ट' हा एकच शब्द चालतो. तो अरबीत न्यायचा झाला म्हणजे आधी विचारावं लागतं, अहो, यातला कोणता?

अरबीत 'हर्ब' म्हणजे सरळ युद्ध. 'निझाअ' या शब्दाचं मूळ ओढण्या-उपटण्यात आहे. हद्दीचा, हक्काचा वाद असला की तो येतो. 'सिराअ' याच्या मुळाशी जमिनीवर पाडण्याचा अर्थ आहे; कुस्तीचं अरबी नाव 'मुसारआ' तिथूनच आलं. अरब आणि इस्राएल यांच्यातला दीर्घ झगडा हा 'सिराअ', आणि माणसाच्या मनातलं द्वंद्वही 'सिराअ'च. हितसंबंध एकमेकांच्या आड आले, तर मात्र 'तदारुब', म्हणजे परस्परांवर आघात.

आपण म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? तर ऐका. १९३१ साली जपाननं मांचुरियात फौज घातली आणि त्याला युद्ध न म्हणता 'घटना' म्हटलं. युद्धच नाही, तर युद्धाचे नियम कसले? ही पळवाट बुजवण्यासाठी १९४९ च्या चार जिनीव्हा करारांत पुकारलेल्या युद्धाच्या जोडीला 'आर्म्ड कॉन्फ्लिक्ट' हे शब्द घातले गेले. अरबी भाषांतरात त्यासाठी कलम २ मध्ये 'इश्तिबाक मुसल्लह', म्हणजे सशस्त्र चकमक, असं आहे. देशांतर्गत लढ्याविषयीच्या कलम ३ मध्ये 'निझाअ मुसल्लह' असं आहे. तिथं नुसतं 'हर्ब' लिहिलं असतं, तर अरबी वाचणाऱ्या शिपायाला वाटलं असतं, युद्ध कुठं पुकारलंय? मग जखमींना आणि कैद्यांना जपायचं कशाला?

शिक्षक बंधुभगिनींनो, ओळखीचे शब्दही इथं फसवतात बरं का! 'मुकाबला' आणि 'तक्रार' हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले. पण आजच्या अरबीत 'मुकाबला' म्हणजे भेट किंवा मुलाखत, आणि 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती! तेव्हा मुलांना कोशातला पहिला शब्द उचलू देऊ नका. आधी त्यांना विचारा: भांडतंय कोण, कशासाठी, आणि हातात काय आहे? याची उत्तरं मिळाली, म्हणजे शब्द शोधायला बसावं.