धोक्याच्या जागीं विजेची मोटार

स्वयंपाकघरांत गॅसचा वास आला असतां दिव्याचें बटन दाबूं नये, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. बटनांतील ठिणगी ती केवढी! परंतु हवेंत गॅस विशिष्ट प्रमाणांत मिसळला असेल, तर तेवढीही पुरते. आमच्या चेंबूरच्या परिसरांत हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर करावा लागतो. माहुल येथें १९५४ व १९५५ सालीं दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेच आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांचे कारखाने होत. पुढें १९६५ सालीं खतांचा कारखाना आला. तेथील पंप, पंखे व कॉम्प्रेसर विजेच्या मोटारी रात्रंदिवस फिरवीत असतात, आणि कुंपणापलीकडे माणसांची दाट वस्ती आहे. तेव्हां तेथें मोटार कशी निवडावी, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नव्हे.

घरच्या पंपासाठीं मोटार घेतांना आपण अश्वशक्ति व किंमत विचारतों. येथें पहिला प्रश्न जागेचा. जेथें ज्वालाग्राही वायु सदैव असतो, तें शून्य क्षेत्र. तेथें मोटार सहसा बसवीतच नाहींत. जेथें नेहमीच्या कामांतही तो मधूनमधून येतो, तें पहिलें क्षेत्र. जेथें तो क्वचित् व थोडाच वेळ येतो, तें दुसरें.

दुसरा प्रश्न, वायु कोणता? हायड्रोजनची ज्वाला अतिशय बारीक फटींतूनही निसटते. म्हणून त्याची गणना ‘दोन-सी’ या सर्वांत कडक गटांत होते. मात्र नुसत्या उष्णतेनें पेटण्यास त्याला ५०० अंशांहून अधिक तापमान लागतें. पेट्रोलची वाफ ‘दोन-ए’ या सौम्य गटांतली. पण ती ३०० अंशांच्या आंतच पेटूं शकते. म्हणून गट व तापमान हीं दोन्ही पाहावीं लागतात. ‘टी-३’ मोटारीचा पृष्ठभाग २०० अंशांपलीकडे तापतां कामा नये. ‘टी-४’ची मर्यादा १३५ अंश. कडक प्रतीची मोटार सौम्य जागीं चालेल; उलट चालणार नाहीं.

पहिल्या क्षेत्रांत बहुधा ‘फ्लेमप्रूफ’ मोटार वापरतात. हिच्या आंत वायु शिरतच नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः मोटार तापते, निवते आणि त्याबरोबर बाहेरची हवा आंत ओढते. वायु आंत जाऊन पेटला, तरी जाड कवच तो स्फोट सोसतें. आणि सांध्याच्या अरुंद, लांब फटींतून बाहेर पडतां पडतां तप्त वायु इतके निवतात कीं, बाहेरची हवा पेटत नाहीं. हम्फ्री डेव्ही यांनीं १८१५ सालीं खाणकामगारांसाठीं केलेल्या जाळीच्या दिव्यांतही ज्वाला अशीच निववून अडविली जात असे.

आतां खरी अडचण ऐका. अशी मोटार जळाली कीं ती स्वस्तांत रीवाइंडिंग करून आणण्याचा मोह होतो. कारागीर सांधा कानशीनें घासतो, त्यावर रंग चढवितो, आठांपैकीं सहाच बोल्ट आवळतो. मोटार परत येते आणि झकास फिरते! पण तिच्यांतील तो संरक्षक गुण नाहींसा झालेला असतो, आणि फिरण्यावरून तो कोणास कळत नाहीं. वेग कमी करणाऱ्या ड्राइव्हवर साधी फ्लेमप्रूफ मोटार जोडली, तरी असेंच होतें: तिचा स्वतःचा पंखा मंदावतो व अंग ठरलेल्या मर्यादेबाहेर तापतें. त्या वापरासाठीं वेगळी परीक्षा झालेलीच मोटार घ्यावी.

अशा मोटारींना मान्यता देणारी ‘पेसो’ ही केंद्र सरकारची संस्था आपल्याच नागपुरांत आहे. नामपट्टीवर गट, तापमानवर्ग व प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. आपल्या घरांतील कोणी तरुण अशा कारखान्यांत खरेदीच्या वा दुरुस्तीच्या कामावर असेल, तर त्यानें ती पट्टी वाचावी, बोल्ट मोजावे, आणि दुरुस्ती या कामाची मान्यता असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी. वांचलेले चार पैसे हिशेबाच्या वहींत लगेच दिसतात. त्यांपायीं ओढवलेला धोका मात्र कुंपणाबाहेरच्या माणसांच्या वांट्यास येतो, आणि त्यांना कोणी विचारलेलें नसतें.