बागेतील वाट आणि शेजारधर्म
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. एकाची बाग, तिच्यामधून गेलेली पाऊलवाट आणि त्या वाटेने ये-जा करणारे शेजारी, एवढाच तो विषय. परंतु दोन हात रुंदीच्या अशा वाटेपायी सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात व सणावारीही एकमेकांचा उंबरठा ओलांडीत नाहीत, हे आपण सर्वजण पाहतो.

मुरुडचे शिवार डोळ्यांपुढे आणा. लातूरहून बार्शीस जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते; पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यात राहिले व १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात आले. राज्य बदलले, जिल्हा बदलला. काळी जमीन मात्र तीच राहिली. पावसाळ्यात तिचा चिखल असा धरून ठेवतो की दूरचा फेरा घेणे बैलांस व माणसांस सारखेच जड जाते. बाप आहे तोवर शेत एक असते. वाटणी झाली की रस्त्यालगतचा तुकडा एका भावाकडे जातो. तो तेथे विहीर खणतो, बाग लावतो. आणि दुसरा भाऊ त्या बागेपलीकडे अडकतो. पहिली पिढी वाट देते, दुसरी ती सोसते, तिसरी तीवर बाभळीचे काटे टाकते.

या बाबतीत कायदा काय सांगतो, हे दोघांनीही समजून घ्यावे. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे, खासगी जमिनीतील वाट एखाद्याने उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काने वीस वर्षे वापरली, तर तीवर त्याचा वहिवाटीचा अधिकार उत्पन्न होऊ शकतो. वाटणीमुळे मागच्या तुकड्यास दुसरी वाटच उरली नसेल, तर वीस वर्षांचीही अट नाही. तेथे गरज हाच हक्क होतो. मात्र वाट कोणत्या बाजूने द्यावी हे पुढच्या मालकाने ठरवावे, व ती मागच्यास वाजवी सोयीची असावी.

येथे ‘हक्काने’ या शब्दाकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधतो. मालकाच्या परवानगीने चालणारा मनुष्य हक्काने चालत नाही. म्हणून नुसत्या परवानगीतून वहिवाट उत्पन्न होत नाही. पुष्कळ सज्जन माणसे ‘आज दया केली तर उद्या जमीन जाईल’ या भीतीने फाटकास कुलूप घालतात. त्यांनी कुलूप घालण्याऐवजी एक कागद करावा. अमुक शेजाऱ्यास अमुक बाजूने जाण्यास आम्ही परवानगी दिली आहे, एवढे लिहून दोघांनी व दोन साक्षीदारांनी सह्या कराव्या. त्या कागदाने मालकाची जमीन निर्धास्त राहते व शेजाऱ्याची वाटही चालू राहते. दया लेखी असल्याने उणी होत नाही. उलट नातवांच्या काळी तिचा पुरावा राहतो.

वाटसरूसही मर्यादा आहेत. पायवाटेचा हक्क म्हणजे गाडीवाटेचा हक्क नव्हे. वाट दुरुस्त राखण्याचा खर्च तीवरून जाणाऱ्याने सोसावा. हक्काच्या वाटेवर कोणी अडथळा घातला, तरी स्वतः कुऱ्हाड घेऊन कुंपण तोडण्याची मोकळीक कायदा देत नाही. शेताची चालू वाट अडवल्यास मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. आणि बांधावरून नवी वाट हवी असल्यास १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाप्रमाणे त्याच्याकडेच अर्ज करता येतो.

पवित्र शास्त्रात, गणना ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात, याच विषयाचा एक प्रसंग आहे. मोशेने कादेशहून अदोमाच्या राजाकडे दूत पाठवून त्याच्या देशातून वाट मागितली. मागताना त्याने स्वतःच स्वतःवर बंधने घालून घेतली: शेतातून किंवा द्राक्षमळ्यातून जाणार नाही, विहिरीचे पाणी पिणार नाही, आणि गुराढोरांनी पाणी प्यालेच तर त्याचे मोल भरू. तरीही राजाने नकार दिला व सैन्य घेऊन तो आडवा आला. तेव्हा इस्राएल लोक लढले नाहीत. ते दुसऱ्या वाटेने वळले. वाट कशी मागावी आणि नकार कसा सोसावा, हे दोन्ही धडे त्या एका प्रसंगात आहेत. अदोमाचे मात्र अनुकरण करण्याजोगे काही नाही.

बंधुभगिनींनो, जमिनीचा उतारा आपल्या नावाचा असतो. परंतु आजारी माणसास खाटेवर घालून बाहेर नेण्याची वेळ येते, तेव्हा शेजाऱ्याच्या बागेतील वाटच जवळची ठरते. ज्युबिलीच्या या वर्षी ज्यांच्या दारी असा वाद पडला असेल त्यांनी एकत्र बसावे, वाटेची रुंदी दोरीने मोजावी, कागद करावा, आणि मग फाटक उघडावे, एवढीच आमची विनंती आहे.