फवारणी कोण करतो, हे आधी विचारा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सिल्लोड-कन्नडकडच्या खेड्यांत लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आजही आधी सून दवाखान्यात जाते. तिची सोनोग्राफी होते, तिच्या गोळ्या सुरू होतात. नवरा श्रावणापासून कपाशीवर फवारणी करतोय, हे तिच्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. भाद्रपदात अंगावर उडालेल्या औषधाचा परिणाम दिवाळीच्या सुमारास दिसेल. तेव्हा पंप गोठ्यात टांगलेला असतो आणि फवारणी कोणाला आठवतही नाही. शुक्राणूचं आवरण नाजूक स्निग्धाम्लांचं, आणि झालेली हानी दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ जवळजवळ नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांमुळे हे आवरण आणि आतला डीएनए, दोन्हींना इजा होऊ शकते. संख्या घटते, हालचाल मंदावते.

हे विष फक्त नाकातोंडातून जात नाही. पाठीवरचा पंप गळतो, कंबर आणि जांघा भिजतात, आणि गडी त्याच ओल्या कपड्यांत संध्याकाळपर्यंत राबतो. पॅराथिऑनच्या प्रयोगात अंडकोषाच्या कातडीतून हाताच्या तुलनेत सुमारे १२ पट औषध शरीरात गेलं होतं. साधा रबरी एप्रन किती मोलाचा, ते यावरून कळावं.

इथे कॅलिफोर्नियात, तुमच्या या बे एरियातून गाडीने तास-दीड तासावर लॅथ्रोप आहे. तिथल्या कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनायचं. आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाही, हे कामगारांच्याच लक्षात आलं. १९७७ मध्ये तपासण्या झाल्या. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी होते, काहींच्या अजिबात नव्हते. पुढे काहींचे परत आले, काहींचे कधीच नाही. आपल्याकडेही १९९१ मध्ये आंध्रातल्या कपाशी फवारणाऱ्यांचा अभ्यास छापून आला. त्यांच्या घरांत गर्भपात आणि मृतजन्म जास्त आढळले.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. मूल न होण्याची अशी बातमी होत नाही. प्रत्येक वंध्यत्वाचं कारण फवारणीच असतं, असं मी म्हणत नाही. तंबाखू, उष्णता, व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, हीही कारणं असतात. पण विचारायला तर हवं.

गावी भावाला फोन कराल तेव्हा सांगा: वीर्यतपासणी आधी त्याची, साधी आणि स्वस्त. दोष निघाला तर या हंगामात पंप दुसऱ्याच्या पाठीवर देऊ नका, फवारणीच कमी करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.