कसर बशीर: मालकाचं नाव अजून दारावर आहे

जॉर्डन म्हटलं की सगळे पेट्राला जातात. जा, जरूर जा. पण आज मी बोलणार आहे कसर बशीरबद्दल.

अम्मानहून दक्षिणेला जाणारा डेझर्ट हायवे कत्रानाच्या अलीकडे सोडायचा आणि पश्चिमेला कच्च्या वाटेने निघायचं. झाड नाही, घर नाही. मग एकदम समोर चार बुरूज. तिकीटखिडकी नाही, पहारेकरी नाही.

दरवाज्यावरचा लॅटिन शिलालेख अजून मूळ जागीच आहे! त्यात सम्राट डायोक्लेशियन आणि त्याच्या सहसम्राटांची नावं आहेत, म्हणजे बांधकाम साधारण इ.स. २९३ ते ३०५ मधलं. हे ठाणं पायापासून बांधून घेणाऱ्या प्रांताधिकाऱ्याचं नावही त्यात आहे: ऑरेलियस अस्क्लेपियाडेस. एवढ्या लांब येऊन साहेबांनी नाव कोरायची संधी सोडली नाही.

किल्ला तसा लहान. एक बाजू जेमतेम पंचावन्न मीटर. मला सगळ्यात आवडल्या त्या तळमजल्यावरच्या खोल्या. भिंतीतच कोनाड्यांसारख्या गव्हाणी केल्यात. अशा २३ खोल्या, प्रत्येकीत तीन गव्हाणी. करा हिशोब: ६९ जनावरं! म्हणजे ही सीमेवर गस्त घालणाऱ्या स्वारांची पागा. माणसं बहुधा वरच्या मजल्यावर झोपायची. खालून येणाऱ्या लिदीच्या वासासकट, अर्थात.

आपण गडावर गेलो की आधी पाण्याचं टाकं शोधतो ना? इथेही शोधा. आत टाकी आहेत आणि बाहेर थोड्या अंतरावर मोठा बांधीव हौद. सगळा भरवसा पावसाच्या पाण्यावर. सैन्य निघून गेल्यावर इथे गाव वसलं नाही, म्हणून कुणी घरासाठी याचे दगड पळवले नाहीत. शतकानुशतकं या एकांतानेच किल्ला राखला.

आता तो एकांत राहिलेला नाही. मॅपवर पिन आहे, गाडी थेट दारापर्यंत जाते. पुरलेल्या सोन्याच्या आशेने जुन्या जागा खणायचा प्रकार जॉर्डनमध्ये बराच चालतो, आणि एका खोलीत मला ताजा खड्डा दिसला. पहारा बसवावा असं मला मनापासून वाटतं, मग तिकीट लागलं तरी चालेल.

जाणार असाल तर चारचाकी दणकट घ्या, पाणी भरपूर ठेवा, सकाळी लवकर पोचा. आणि फोटोसाठी बुरुजावर चढू नका. वरचे दगड सुटे आहेत.