चाचणीच्या आधी हजेरीपट

शाळेतला मानसशास्त्रज्ञ कसा तयार होतो, यावर बोला, असं आकाशवाणी केंद्राने सुचवलं. अमेरिकेत सरकारी शाळांमधून हे पद चांगलं रुळलेलं आहे. तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषाप्रमाणे उमेदवाराला शिक्षणाच्या अखेरीस १२०० तासांची उमेदवारी करावी लागते आणि त्यातले निदान ६०० तास शाळेतच काढावे लागतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असं पद नाही. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा. म्हणजे आज ना उद्या ही माणसं लागणार. ती घडवायची कुठं, हा खरा प्रश्न. माझं म्हणणं असं, की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांसाठी काम करणाऱ्याची उमेदवारी धाराशिवच्याच शाळेत, तीही दिवाळी ते गुढीपाडवा या काळात व्हायला हवी. आणि त्याने चाचण्यांची पेटी उघडण्याआधी हजेरीपट उघडायला शिकावं.

हजेरीपटच का, ते सांगतो. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जोडपं कोयत्यावर जातं आणि लेकरू फडावर. हजेरीपटात त्या लेकराच्या नावापुढं दिवाळीपर्यंत खुणा दिसतात, मग ओळ गैरहजेरीने भरते आणि पाडव्याच्या आगेमागे खुणा परत सुरू होतात. असं दोन-तीन वर्षं झालं, की चौथीतल्या त्या मुलाला मुळाक्षरं येतात, काना-मात्रा येते, पण जोडाक्षरापाशी ते अडतं. कारण जोडाक्षरं शिकवली तेव्हा ते पाचटाच्या कोपीत होतं. आता दुसरं मूल बघा. वर्षभर रोज शाळेत येतं, बाजारातला हिशेब तोंडी चोख करतं, पण काल ओळखलेलं अक्षर आज त्याला नवंच वाटतं. वाचायला दोघांनाही येत नाही आणि वर्गात दोघांनाही आपण एकाच शब्दाने हाक मारतो, ‘ढ’. गुरुजी, बाई, आणि आईबापहो, रागावू नका, पण हा शब्द आता शाळेतून गेला पाहिजे. पहिल्याला शिकायला मिळालेलं नाही. दुसऱ्याला कदाचित अध्ययन अक्षमता असेल, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. एकाला सुटलेले धडे भरून द्यायचे, दुसऱ्याला शिकवण्याची रीतच बदलायची. पुन्हा सांगतो, शिकायला मिळालं नाही ही एक गोष्ट आणि शिकायला जड जातं ही दुसरी. अक्षमतेचं निदान करण्याआधी शिकवणं पुरेसं मिळालं होतं का, हे पाहावंच लागतं, हा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे त्याचा पुरावा हजेरीपटात पडून असतो.

यावर कुणी म्हणेल, मग चाचण्या कशाला आहेत? चाचण्या हव्यातच. १९०५ साली पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठीच. पुढे १९३०च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. चाचणी आपल्या मुलांच्या भाषेत आणावी लागते, हे त्यांनी तेव्हाच जाणलं होतं. आज तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, उमरग्याच्या सीमेवरचं कानडी. त्याला पुस्तकी मराठीत शब्दार्थ विचारून आलेला आकडा बुद्धीचा म्हणायचा की भाषेचा? उमेदवाराला हे वहीतून शिकवता येत नाही, त्यासाठी त्या मुलाशेजारी बसावं लागतं. आणि आकड्याच्याही आधी कान-डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्याचा कागद मागवायला काहीच खर्च नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिक्षक आहेत, गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक आहेत, मग हा आणखी एक पगार कशाला? शिक्षकाला मूल सगळ्यात जास्त कळतं, हे मला मान्य. पण दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्याला एका मुलाजवळ तासभर बसायला सवड कुठून मिळावी? विशेष शिक्षकाच्या वाट्याला कितीतरी शाळा येतात. उमेदवाराकडे नेमका तोच वेळ असतो. आणि वाडीवरच्या शाळेचा पट शंभराला पोचतच नाही, तेव्हा पाच-सात शाळांचं केंद्र मिळून एक उमेदवार, अशी सोय करता येईल. जिल्ह्यात याला आधारही आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, तिथले विद्यार्थी गावोगाव क्षेत्रकार्य करतात. लोहारा तालुक्यात हराळीला ज्ञान प्रबोधिनीने १९९३ च्या भूकंपानंतर शाळा उभारली, आणि या संस्थेचं पुण्यात मानसशास्त्राचं स्वतंत्र केंद्रच आहे. ही माणसं एकत्र बसली तर अभ्यासक्रमासाठी मुंबईकडे डोळे लावायला नकोत. उमेदवाराच्या कामावर देखरेख मात्र अनुभवी मानसशास्त्रज्ञाचीच हवी, तिथं तडजोड नको.

तिसरा आक्षेप गावातून येतो, ‘आमचं पोरगं काय येडं हाय का?’ म्हणून उमेदवाराने पालकांना बोलावण्याआधी ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जाऊन यावं, मूल आजीजवळ राहिलं असेल तर आजीशी बोलावं. मुलाचं जे मूल्यमापन करायचं, ते आजीला ‘वाचायला कुठं अडतंय ते बघू’ असं सांगितलं, की ती स्वतःच चार गोष्टी सांगते. किशोरवयीन मुलांच्या मनावरच्या ताणाबद्दलही बोलायचं होतं, पण घड्याळ पुढं गेलंय. एवढंच सांगतो, की टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवा.