आधी विचारा, मग मोजा



मला करिअरवर बोलायला सांगितलंय. पण नागसेनवनात, माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या परिसरात, पाऊल टाकलं आणि लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. इथल्या वसतिगृहात असताना रविवारी आम्ही पायी पाणचक्कीवर जायचो. हौदात कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घेत उभं राहायचं, बस्स. एकदा आमचे सर सोबत होते. डोंगरातून मातीच्या बंद नळांनी आलेलं पाणी दाबाने भिंतीवर चढतं आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर जातं फिरतं, हे आम्ही घडाघडा सांगितलं. सरांनी विचारलं, "आणि पीठ कुणासाठी?" सगळे गप्प. पीठ होतं बाबा शाह मुसाफिर दर्ग्यात उतरणाऱ्या वाटसरूंसाठी, फकिरांसाठी. आधी भुकेली माणसं दिसली, मग चक्की बसली.

मघाशी भित्तिपत्रकावर एका मुलीचा लेख वाचला. औषध विज्ञान शोधतं आणि शेवटच्या घरापर्यंत माणुसकी ते पोचवते, असं ती लिहिते. फार छान लिहिलंस, बाळ. फक्त माझं एक ऐक. माणुसकी शेवटी येऊन भागत नाही, ती पहिल्या मोजमापालाच हजर असावी लागते.

माझी सगळी नोकरी भूजलात गेली. पहिल्याच उन्हाळ्यात एका गावात हातपंपाची जागा मी ठरवली. खडकातली भेग अचूक सापडली, पाणीही भरपूर लागलं. महिन्याने गेलो तर एक आजी घागर घेऊन लांबच्या जुन्या आडाकडे निघालेल्या. म्हणाल्या, "साहेब, पंप त्यांच्या वाड्याम्होरं हाय. आमी तिथं घागर टेकवायची कशी?" माझ्या नकाशात उतार होता, खडक होता, आजी नव्हत्या. आणि मी शिकलो कुठे? बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या याच मिलिंद महाविद्यालयात! मिलिंद म्हणजे नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणारा राजा. उत्तरं देणाऱ्याचं नाव परिसराला, विचारणाऱ्याचं महाविद्यालयाला. म्हणून सांगतो, विचारा. प्रयोगशाळेत विचाराच, पण यंत्र ज्याच्या दारात बसणार त्याला त्याहून आधी विचारा.

समोर मेसच्या मावशी बसल्यात, त्यांना पाहून आमच्या वेळच्या मावशी आठवल्या. आमच्या खोलीतला एक जण सारखा चक्कर येऊन पडायचा. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. पोरगं पैसे वाचवायला एकच वेळ जेवतंय, हे ओळखलं ते आमच्या मेसच्या मावशींनी. त्याचं रिकामं ताट त्या रोज मोजत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात दोन भाकरी जास्त पडायला लागल्या आणि हिशेबाच्या वहीत त्या कधीच चढल्या नाहीत.

मावशी, आज मी तुमच्याच पंगतीला जेवणार आहे. आणि भित्तिपत्रकावर लिहिणारी ती मुलगी कुठे बसलीय? तूही ये, बाळ. आजींच्या गावचा तो नकाशा मी बरोबर आणलाय, जेवताना दाखवतो.