फटाक्यांच्या आधी पट्टा तपासा

दिवाळी तोंडावर आली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार क्षणभर उघडं राहतं, बाहेर सुतळी बॉम्ब फुटतो आणि एरवी उंबरा न ओलांडणारं कुत्रं जिवाच्या आकांतानं धावत सुटतं. भेदरलेलं कुत्रं मालकाच्या हाकेलाही ओ देईलच असं नाही. म्हणून तयारी आजच हवी.

आधी गळपट्टा पाहा. त्याखाली दोन बोटं सरकली की पुरे. फार सैल पट्टा डोक्यावरून निसटतो. बिल्ल्यावर कुत्र्याच्या नावापेक्षा तुमचा मोबाइल नंबर महत्त्वाचा. आकडे झिजले असतील तर बिल्ला बदला.

पट्टा तुटेल, पण मायक्रोचिप राहते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्य सुईनं कातडीखाली, दोन खांद्यांच्या मधोमध बसवतात. तिच्यात 15 आकडी क्रमांक असतो. मात्र कुत्रं कुठे आहे, हे ती सांगत नाही. कुणी स्कॅनर फिरवला तरच क्रमांक दिसतो, आणि त्यापुढे तुमचं नाव, फोन नोंदवलेला असेल तरच उपयोग. चिप बसवून ही नोंद अर्धवट सोडू नका, ही कळकळीची विनंती.

फोनमध्ये समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले ताजे फोटो ठेवा. कानामागचा पांढरा ठिपका, शेपटीचं वळण नीट दिसू द्या. एखादी खूण मात्र जाहीर करू नका. 'कुत्रं सापडलंय, आधी पैसे पाठवा' असा फोन आला, तर तीच विचारायची.

आणि वॉचमन, दूधवाले, पेपरवाले यांना कुत्र्याची ओळख करून द्या. भल्या पहाटे रस्त्यावर तेच असतात.